आयकॉनवरून उघडलं तर चालतं, टर्मिनलवरून उघडलं तर नाही (क्यूजीआयएस, उबुंटू २२.०४)

निवृत्त_आरेखक | रविवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. पस्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे गेली. अर्धवट माहिती देऊन कोणी काम सांगितलं की माझं डोकं फिरायचं, म्हणून इथे सगळं लिहितो.

आम्ही तिघे निवृत्त मित्र दर रविवारी सकाळी कात्रजच्या नळाचे उच्छ्वास (नळातली हवा जायला ठेवलेली तोंडं) शोधत फिरतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तोच हा नळ. उच्छ्वास किंवा जुना हौद सापडला की मोबाइलवर त्याची जागा टिपायची, फोटो काढायचा, आणि मग ज्याची पाळी त्याच्या घरी पोहे. आजवर ४१ जागा झाल्या. त्या मी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर चढवतो.

कॉम्प्युटर (विंडोज नव्हे, उबुंटू लिनक्सवाला) माझा नव्हे, भाच्याचा. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि जाताना डेस्कटॉप माझ्या टेबलावर ठेवून गेला. "मामा, यात सगळं इन्स्टॉल केलेलं आहे, तुम्ही फक्त वापरा." हे "सगळं" म्हणजे नेमकं काय, ते मला आता कळायला लागलंय.

तक्रार अशी. आयकॉनवर क्लिक करून क्यूजीआयएस (३.२२, एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकायच्या-काढायच्या कमांडने टाकलेलं) उघडलं तर एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिपके जागच्या जागी. तीच प्रोजेक्ट फाइल टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) उघडली की पेठांच्या हद्दी बरोबर येतात, ठिपके मात्र गायब. "लेयरवर झूम करा" म्हटलं तर पांढरा कागद आणि त्यावर एकच ठिपका. खाली आकडे बघतो तर ७३.८५ आणि १८.५. टर्मिनलमध्ये चार-पाच ओळी सांडतात, त्यांचा मथितार्थ असा, की प्रोज-डीबी नावाची फाइल "दुसऱ्या प्रोज इन्स्टॉलेशनमधून आलेली" आहे. दुसरं कुठलं? मी तर एकदाच टाकलंय.

आयकॉनवरून चालतंय ना, मग टर्मिनल हवंय कशाला, असं विचाराल. मोबाइलमधली यादी साफ करून नकाशाची फाइल करणारी एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. ती रात्री ११ वाजता क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) चालते, तेव्हा निकाल बरोबर. दिवसा मी हाताने चालवली की वरचीच बोंब. रात्री शहाणी, दिवसा वेडी.

आतापर्यंत केलेले उपाय: दोनदा रीस्टार्ट. क्यूजीआयएस काढून पुन्हा टाकलं. काडीचा फरक नाही. कॉम्प्युटर तोच, माणूस तोच, सॉफ्टवेअर तेच, मग दोन दारांनी आत गेल्यावर दोन निकाल कसे?


लिनक्सप्रेमी_९९ | दुपारी १२:३१

पायथन करप्ट झालंय. सुडो एपीटी रिमूव्ह पायथन३ करा आणि परत इन्स्टॉल करा. दोन मिनिटांचं काम.


रात्रपाळी_सिसॅडमिन | दुपारी १२:३८

काका, थांबा! वरची कमांड देऊ नका. उबुंटूचा निम्मा संसार पायथन३ वर चालतो. ते काढायला गेलात तर एपीटी त्याच्याबरोबर डेस्कटॉपची बरीच पॅकेजेस काढायची यादी दाखवेल, आणि घाईत "वाय" दाबलात की पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर लॉगिन कराल. कुठलंही पॅकेज काढण्याआधी एपीटी-गेट -एस रिमूव्ह अमुकतमुक असं करून बघत जा. -एस म्हणजे नुसतं नाटक. काय काय जाईल ते सांगतं, हात कशालाच लावत नाही.

तुमचं पायथन ठणठणीत आहे. बिघडलेलं असतं तर रात्री ११ लाही बिघडलंच असतं.

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. "चालत नाही, मदत करा" एवढंच लिहिणारे रोज दहा येतात. मला फक्त तीन गोष्टींचा निकाल हवाय (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करा):

टाइप -ए ओजीआर२ओजीआर
एन्व्ह | ग्रेप -आय प्रोज
टेल -५ ~/.बॅशआरसी

ओजीआर२ओजीआर हा नकाशाच्या फाइली एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारा प्रोग्रॅम, आणि .बॅशआरसी ही टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल. पहिल्यासाठी "विच" वापरू नका. ते पहिला सापडलेला सांगून गप्प बसतं. "टाइप -ए" जेवढे असतील तेवढे सगळे दाखवतं.


निवृत्त_आरेखक | दुपारी १:२०

जेवण उरकून बसलो. पायथनला हात लावलेला नाही.

पहिल्याच्या उत्तरात हे तीन पत्ते:
/यूएसआर/लोकल/बिन/ओजीआर२ओजीआर
/यूएसआर/बिन/ओजीआर२ओजीआर
/बिन/ओजीआर२ओजीआर

म्हणजे एकाच नावाची तीन सॉफ्टवेअर?!

दुसऱ्याचं:
प्रोज_लिब=/यूएसआर/लोकल/शेअर/प्रोज

आणि .बॅशआरसीच्या शेवटी हे आहे (वरची कॉमेंट भाच्याचीच):
# लॅबच्या नोट्समधून, काढू नये
एक्स्पोर्ट पाथ=/यूएसआर/लोकल/बिन:$पाथ
एक्स्पोर्ट एलडी_लायब्ररी_पाथ=/यूएसआर/लोकल/लिब६४
एक्स्पोर्ट प्रोज_लिब=/यूएसआर/लोकल/शेअर/प्रोज

भाच्याला फोन लावला. म्हणाला, "हां, थर्ड इयरला प्रोजेक्टसाठी सोर्समधून कंपाइल केलं होतं, प्रोज ७ की काय." की काय!


नकाशावाली | दुपारी १:४४

काका, तुमचे ठिपके हरवलेले नाहीत, ते समुद्रात आहेत. :)

तुमच्या प्रोजेक्टची जागा मोजायची प्रणाली यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी यादीतला क्रमांक ३२६४३ असणार. पुण्यासाठी तीच लागते. त्यात सगळं मीटरमध्ये मोजतात. शनिवारवाडा साधारण पूर्व ३,७९,००० आणि उत्तर २०,४८,००० असा येतो. मोबाइल मात्र अंश देतो, ७३.८५ आणि १८.५२. अंशांचे मीटर करायचं काम प्रोज ही लायब्ररी (इतर सॉफ्टवेअर वापरतात तो तयार कोड) करते, आणि त्यासाठी तिला प्रोज-डीबीतली व्याख्या वाचावी लागते. ती वाचता आली नाही, की क्यूजीआयएस अंशाचे आकडे तसेच्या तसे मीटर समजून टाकून मोकळं होतं. त्यामुळे तुमचा हौद आता विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला, भर हिंदी महासागरात आहे.

"एकच ठिपका" का दिसतो तेही यातच आलं. कात्रज ते शनिवारवाडा अक्षांशात फरक आहे जेमतेम ०.०७. तो मीटर धरला तर नानासाहेबांचा अख्खा नळ सात सेंटीमीटरचा झाला.


निवृत्त_आरेखक | दुपारी १:५२

सात सेंटीमीटर! हे मी आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकलंय. नऊ महिन्यांची पायपीट एका खोडरबरात मावली.


रात्रपाळी_सिसॅडमिन | दुपारी २:३०

बरोबर, आजाराचं नाव ताईंनी सांगितलं. आता तो आला कुठून ते सांगतो.

आधी ते "तीन सॉफ्टवेअर" मिटवू. तीन नाहीत, दोनच आहेत. हल्लीच्या उबुंटूत /बिन हे वेगळं फोल्डर राहिलेलं नाही, ते /यूएसआर/बिन कडे बोट दाखवणारी लिंक आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने हे २०१२ मध्ये केलं, डेबियन आणि उबुंटू बऱ्याच उशिरा त्या वाटेला लागले. त्यामुळे दुसरी आणि तिसरी ओळ म्हणजे एकाच घराचे दोन दरवाजे. परका तो पहिला, /यूएसआर/लोकल मधला.

/यूएसआर/लोकल ही जागा मुळात त्याच कामाची आहे. मशीनच्या मालकाने स्वतःच्या हाताने जे टाकायचं ते तिथे. एपीटी तिकडे फिरकत नाही. खात्री करायची तर डीपीकेजी -एस /यूएसआर/लोकल/बिन/ओजीआर२ओजीआर देऊन बघा, कुठल्याच पॅकेजचं नाव येणार नाही. तुम्ही क्यूजीआयएस काढून परत टाकलंत आणि काडीचा फरक पडला नाही, तो यामुळेच. एपीटीने आपलं घर दोनदा झाडलं, केर शेजारच्या घरात होता. .बॅशआरसी तर तुमच्या होम फोल्डरमधली फाइल, तिलाही एपीटी विचारत नाही.

आता पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी. टर्मिनलमध्ये कमांडचं नाव टाइप केलं की बॅश (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) पाथमधली फोल्डर्स डावीकडून उजवीकडे तपासतं. पहिल्यांदा जिथे ते नाव सापडेल तिथली फाइल चालवून मोकळं होतं, पुढे बघत नाही. उबुंटूत /यूएसआर/लोकल/बिन मुळातच /यूएसआर/बिनच्या आधी असतं, त्यामुळे भाच्याची ती पहिली ओळ निव्वळ हौस. तुम्ही टर्मिनलमध्ये ओजीआर२ओजीआर म्हणता तेव्हा भाच्याचं जुनं धावून येतं.

गंमत म्हणजे तुमच्या बिघाडाचं कारण पाथ नाहीच. क्यूजीआयएस तुमच्याकडे एकच आहे आणि टर्मिनललाही तेच सापडतं. तुमची पायथन स्क्रिप्टही एपीटीवालं पायथन आणि एपीटीवालीच लायब्ररी वापरते. नडतेय ती शेवटची ओळ, प्रोज_लिब. ती सगळ्या प्रोजना सांगते की व्याख्यांची फाइल इथून घ्या. एपीटीचं प्रोज आहे ८.२, आणि त्याच्या हातात पडते ७ च्या काळातली फाइल. ते बघतं, "ही माझी नव्हे" म्हणतं आणि हात वर करतं. तुम्हाला दिसलेला मेसेज शब्दशः खरा होता.

रात्री चालतं, कारण क्रॉन .बॅशआरसी वाचत नाही. त्याचा पाथही आखूड, /यूएसआर/बिन:/बिन, बस. आयकॉनचंही तेच. उबुंटूच्या .बॅशआरसीच्या अगदी वर एक अट असते: समोर बसून कोणी टाइप करत नसेल तर इथूनच परत फिरा. फाइल उघडून बघा, पहिल्या दहा ओळींतच "केस" नावाने सापडेल. शेवटच्या तीन ओळी त्यामुळे फक्त तुमच्या टर्मिनललाच लागू होतात.

आणि तो लिब६४ बघून हसू आलं. उबुंटूवर असलं फोल्डर तुम्हाला बहुतेक सापडणारच नाही. ६४-बिट लायब्ररी लिब६४ मध्ये ठेवायची रीत फेडोराची. उबुंटू त्या /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये ठेवतो. शिवाय फेडोरा /यूएसआर/लोकल मधल्या लायब्ररी आपणहून शोधत नाही, म्हणून तिथल्या नोट्समध्ये ती एलडी_लायब्ररी_पाथची ओळ लागते. उबुंटू शोधतो, इथे तिची गरजच नाही. लॅबमध्ये फेडोरा असणार, भाच्याने नोट्स उतरवल्या आणि उबुंटूवर चिकटवल्या.

उपाय: त्या तिन्ही ओळींच्या सुरुवातीला # लावा. पुसू नका, # लावा, म्हणजे बॅश ती ओळ सोडून देतं. टर्मिनल बंद करून नवीन उघडा. आधी एवढंच करा आणि सांगा.


निवृत्त_आरेखक | दुपारी ३:०५

चाललं!! टर्मिनलमधून उघडलं, ४१ ठिपके कात्रजपासून ओळीने उभे. स्क्रिप्टही दिवसाढवळ्या शहाण्यासारखी वागली.

आता मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर कान धरा. आमच्याकडे त्रिकोणी स्केलपट्टी असायची, सहा कडा, सहा प्रमाणं. नवीन पोरगा १:१०० च्या ड्रॉइंगवर १:५०० ची कड लावून मापं काढायचा. पोरगा बरोबर, ड्रॉइंग बरोबर, पट्टीसुद्धा बरोबर, पण हातात आलेली कड दुसऱ्याच कामाची. क्यूजीआयएसच्या हातात भाच्याने चुकीची कड दिली होती.


नकाशावाली | दुपारी ३:०९

काका, हे मी उद्या ऑफिसात नवीन मुलांना सांगणार आहे.


निवृत्त_आरेखक | सायंकाळी ५:४०

मी पुन्हा आलोय. माझीच चूक, पण सांगितलीच पाहिजे.

रात्रपाळीवाल्यांनी "एवढंच करा" म्हटलं होतं. मी एवढ्यावर थांबलो नाही. भाच्याचं जुनं ओजीआर२ओजीआर तिथे उगाच कशाला, म्हणून /यूएसआर/लोकल/बिन मधून ती एक फाइल उडवली. लगेच त्याच टर्मिनलमध्ये ओजीआर२ओजीआर देऊन बघितलं, तर:

बॅश: /यूएसआर/लोकल/बिन/ओजीआर२ओजीआर: अशी फाइल किंवा फोल्डर नाही

अहो, नाही हे मलाही माहीत आहे, मीच उडवली! पण /यूएसआर/बिन मध्ये दुसरी आहे ना? एलएस करून (फोल्डरची यादी काढून) बघितलं, ढळढळीत आहे. मग बॅश तिकडे का जात नाही? "विच" तर /यूएसआर/बिन म्हणतंय. दोघांचं एकमत होईना. हिने चहा आणून ठेवला, तो गार झाला.


एरंडवणे_४११००४ | सायंकाळी ५:४६

हॅश -आर


निवृत्त_आरेखक | सायंकाळी ५:४९

चाललं. पण म्हणजे काय?


एरंडवणे_४११००४ | सायंकाळी ५:५८

एकदा सापडलेली कमांड कुठे होती ते बॅश लक्षात ठेवतं. दर वेळी पाथ चाळत नाही. आज तुम्ही त्याच टर्मिनलमध्ये ती कमांड आधी वापरली असणार, त्यामुळे जुना पत्ता डोक्यात बसला. "विच" हा वेगळा प्रोग्रॅम, त्याला बॅशच्या डोक्यातलं दिसत नाही, तो बिचारा पाथ चाळून खरं ते सांगतो. हॅश -आर म्हणजे पाठांतर पुसा. नवीन टर्मिनल उघडलं असतं तरी भागलं असतं.

नुसतं हॅश असं टाइप केलंत तर आजवरचं सगळं पाठांतर दिसतं. कोणती कमांड किती वेळा वापरली, त्याचे आकडेही.

हे सगळं बॅशच्या मॅन पेजमध्ये (माहितीपत्रकात) आहे. वाचायला कोणाला वेळ आहे म्हणा.


रात्रपाळी_सिसॅडमिन | रात्री ८:१५

ड्युटीला निघायच्या आधी डोकावलो, तेवढ्यात एवढं रामायण. काका, एकेक फाइल उडवू नका. भाच्याने कंपाइल करताना बिन, लिब, शेअर, इन्क्लूड अशा चार ठिकाणी सामान टाकलंय. बिनमधलं गेलं आणि लिबमधलं राहिलं, तर उद्या दुसरंच काही कंपाइल करताना ती अर्धी लायब्ररी पायात येईल. सोर्सचं फोल्डर अजून असेल तर आत जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल चालतं का बघा. फोल्डर नसेल तर या चारही ठिकाणी एलएस -एलटी करा, म्हणजे तारखेनुसार यादी येईल. कंपाइल केलेलं सामान एका दिवसाच्या तारखांचं असतं, एकगठ्ठा दिसतं. ते पुसण्याऐवजी होममध्ये "भाच्याचं_सामान" असं फोल्डर करून त्यात हलवा आणि मग सुडो एलडीकॉन्फिग द्या, म्हणजे लायब्ररींची यादी ताजी होईल. महिनाभर कोणी रडलं नाही तर पुसा.

भाच्याला निरोप: पुढच्या वेळी कंपाइल करताना प्रीफिक्स म्हणून /ऑप्ट/प्रोज७ असं वेगळं फोल्डर द्यावं. नको झालं की एक फोल्डर पुसलं, विषय संपला. आणि कोणाच्याही नोट्समधल्या एक्स्पोर्टच्या ओळी .बॅशआरसीत चिकटवू नयेत. लागतील तेव्हा त्या कामाच्या स्क्रिप्टमध्ये लिहाव्यात.


लिनक्सप्रेमी_९९ | रात्री ९:०२

माझ्याकडे पायथन काढून टाकल्यावर चाललं होतं.


एरंडवणे_४११००४ | रात्री ९:०४

डेस्कटॉप पण चालला होता का?


लिनक्सप्रेमी_९९ | रात्री ९:२०

तो परत टाकावा लागला.


निवृत्त_आरेखक | सोमवार, सकाळी ७:३०

सोर्सचं फोल्डर नव्हतं. तारखा बघून सामान हलवलं, सगळं एकाच दिवशीचं निघालं, संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यानचं. सबमिशनची आदली संध्याकाळ असावी. एलडीकॉन्फिग दिलं. टाइप -ए आता दोनच ओळी दाखवतं, आणि त्या दोन म्हणजे एकच हे मला आता माहीत आहे. रात्री ११ ची स्क्रिप्टही नीट चालली, सकाळी उठल्या उठल्या लॉग बघितला.

भाच्याला निरोप पोचवला. तो म्हणाला, "मामा, कॉमेंटमध्ये लिहिलं होतं ना, काढू नये म्हणून."

४१ पैकी ४० ठिपके जागेवर आहेत. २७ नंबरचा हौद अजूनही एका सायकलच्या दुकानाच्या छपरावर दिसतो. त्यात लिनक्सचा काही संबंध नाही. त्या रविवारी मोबाइल आमच्या मित्राच्या हातात होता आणि तो समोर भेळेची गाडी शोधत होता. येत्या रविवारी पुन्हा जाऊन टिपून आणतो.